सगळ्यांना एकच लॉगिन: यार्डातल्या ऑफिसात काय घडलं आणि खाती वेगळी कशी केली

हळदगल्ली

नमस्कार मंडळी. सांगलीत बरीच वर्षं लहान ऑफिसांचे संगणक बघतो. अडत दुकानं, एक-दोन सीएंची ऑफिसं, थोडं कुपवाडला. गेल्या सीझनला जे झालं ते लिहायचं कधीपासून मनात होतं.

मार्केट यार्डातलं हळदीचं एक अडत दुकान. सहा संगणक एका स्विचला जोडलेले. कॅशियरच्या केबिनमधल्या मशीनला सगळे 'सर्व्हर' म्हणतात, पण तो साधाच डेस्कटॉप, त्याची 'डी' ड्राइव्ह सगळ्यांना शेअर केलेली. सहाही मशीनवर एकच खातं, 'ॲडमिन', आणि पासवर्ड म्हणजे दुकानाचं नाव नि पुढं १२३. ही मांडणी मीच करून दिली होती. सौदे तोंडावर आले होते, मालक म्हणाले, "कुणालाही कुठंही बसून काम करता आलं पाहिजे." मी तसंच करून दिलं. चूक माझी आहे.

फेब्रुवारीत सौदे सुरू झाले. अथणीकडच्या एका शेतकऱ्याचा माल क्विंटलला १४,२०० नं गेला होता. रात्री पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब) छापली तर दर १२,४००. तो स्वतः सौद्याला उभा होता म्हणून त्यानं तिथंच बोट ठेवलं, पैसे पूर्ण मिळाले. पण एक्सेलच्या फाइलमध्ये दुपारी दर बरोबर होता हे दोघांनी बघितलं होतं. मग बदलला कोणी? घाईत आकडे उलटे पडले की कुणी जाणूनबुजून केलं?

मला बोलावलं. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिक्युरिटी लॉग, म्हणजे कोण कधी आत आलं त्याची नोंदवही, काढला. यशस्वी लॉगिनचा क्रमांक ४६२४. ओळीमागून ओळ ४६२४, आणि प्रत्येक ओळीत खात्याचं नाव 'ॲडमिन'. लॉगॉन टाइप ३ म्हणजे नेटवर्कवरून आलेला, त्यावरून मशीन कुठलं एवढं कळलं: सौद्याच्या टेबलावरचं. त्या मशीनवर त्या संध्याकाळी चौघं बसून उठली होती. एक्सेलच्या फाइलमध्ये 'शेवटचा बदल कोणाचा' तेही बघितलं. 'ॲडमिन'. फाइलनिहाय नोंद विंडोज आपणहून ठेवत नाही, ते ऑडिट मुद्दाम चालू करावं लागतं, आणि मी ते केलेलं नव्हतं.

चौघांत शेवटी बसलेली एक मुलगी होती, कामाला लागून सात महिने झालेली. तिला तोंडावर कोणी काही बोललं नाही. पण कपाटाच्या किल्ल्या तिच्याकडं द्यायचं बंद झालं. तिच्या पट्ट्या दुसरा कुणीतरी परत तपासायला लागला. महिनाअखेरीला ती काम सोडून गेली. तिनं केलं नाही हे सांगायला माझ्याकडं काही नव्हतं, आणि केलं हे म्हणायलाही काही नव्हतं.

त्यानंतर मी सगळीकडं खाती वेगळी करायला घेतली आहेत. तुमच्याकडं काय परिस्थिती आहे? मी कसं केलं ते खाली लिहितोच, चुकत असेल तर सांगा.

माहुली_संगम

वाचून पोटात कालवलं. मी साताऱ्यात एका पतसंस्थेत आहे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये व्यवहार एकानं भरायचा आणि दुसऱ्यानं मंजूर करायचा, अशी चांगली सोय आहे. पण शाखाधिकारी रजेवर निघाले की जाताना त्यांचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देतात, "कामं अडायला नकोत" म्हणून. मग भरणारी मीच आणि मंजूर करणारीही मीच, फक्त त्यांच्या नावानं. ती चिठ्ठी कीबोर्डखाली असते. मला कधीच बरं वाटलं नाही, पण बोलायची हिंमत होत नाही.

निवृत्त_दिवाणजी

मी गणपती पेठेत ३४ वर्षे दिवाणजी म्हणून काम केले. संगणक शेवटची काही वर्षेच वापरला. माझी शंका वेगळी आहे. दुकानात सगळे घरच्यासारखे असतात. प्रत्येकाला वेगळे कुलूप लावले की त्याला वाटते, आपल्यावर विश्वास नाही. हे मालकाने सांगायचे कसे?

हळदगल्ली

दिवाणजी, तुम्हालाच विचारतो. किर्दीत खाडाखोड दिसली तर ती कुणाची, हे तुम्ही कसं ओळखायचा?

निवृत्त_दिवाणजी

अक्षरावरून. आमच्याकडे चौघे लिहीत. एकाचा ५ पोट फुगलेला, दुसरा ७ ला आडवी रेघ मारी. शिवाय चुकलेला आकडा खोडायचा तो वाचता येईल असा, आडवी रेघ मारून, आणि बाजूला सही करायची. रबर किंवा पांढरी शाई लावली तर शेठजी पान फाडायला लावत आणि सगळे पान नव्याने लिहून घेत.

तुमचा रोख लक्षात आला. संगणकात सगळ्यांचे अक्षर सारखेच.

हळदगल्ली

अगदी हेच, दिवाणजी. वेगळं खातं म्हणजे त्या माणसाचं अक्षर. ते असतं तर त्या मुलीला मान खाली घालून जावं लागलं नसतं. मी आता प्रत्येक मालकाला असंच सांगतो: हे कुलूप माणसावर पाळत ठेवायला नाही, उद्या त्याच्यावर बालंट आलं तर त्याच्या बाजूनं बोलायला काहीतरी असावं म्हणून आहे. असं सांगितलं की कामगारच पुढं होऊन "माझं खातं करून द्या" म्हणतात.

माहुली_संगम ताई, तुमच्या रजेच्या प्रश्नाला उपाय आहे. मंजुरीचा अधिकार खुर्चीचा असतो, पासवर्डचा नाही. साहेब रजेवर जाताना दुसऱ्या एका अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खात्याला तेवढ्या दिवसांपुरता मंजुरीचा हक्क द्यायचा, परत आले की काढायचा आणि दोन्हींची नोंद रजिस्टरला करायची. बहुतेक बँकिंग सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. भरणारा आणि मंजूर करणारा कुठल्याही परिस्थितीत एकच माणूस नको. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तुमचा हेतू तसा नाही हे मला कळतं. पण उद्या वाद झाला तर तुम्ही त्यांचा पासवर्ड टाकला एवढंच दिसेल, त्यांनी हातानं दिलेली चिठ्ठी दिसणार नाही.

आता मी केलेली मांडणी.

आधी प्रत्येक मशीनवर एक नवं प्रशासकाचं खातं केलं. ते रोजच्या कामाला वापरायचं नाही, फक्त सॉफ्टवेअर टाकायला किंवा दुरुस्तीला. त्या खात्यातून एकदा आत जाऊन, सगळं चालतंय हे बघून, मगच जुन्या 'ॲडमिन'चे हक्क उतरवले. हा क्रम उलटा करू नका. एका ठिकाणी मी घाईत आधी हक्क उतरवले आणि मशीनवर एकही प्रशासक उरला नाही, अर्धा दिवस गेला त्यात.

मग माणसागणिक एकेक स्टँडर्ड खातं. स्टँडर्ड खात्यातून टॅली, एक्सेल, छपाई सगळं चालतं. फक्त नवं सॉफ्टवेअर टाकता येत नाही आणि विंडोजच्या मूळ फायलींना हात लावता येत नाही. मेलमधून आलेलं 'इनव्हॉइस' कुणी चुकून उघडलं तरी आतल्या व्हायरसला त्या माणसाएवढेच हक्क मिळतात. सगळा दिवस प्रशासक म्हणून काम करणं म्हणजे गल्ल्याची किल्ली कुलपालाच लटकवून ठेवणं.

हे वर्कग्रुप आहे, डोमेन नाही. त्यामुळं प्रत्येक मशीनची खाती त्या मशीनपुरतीच. शेअर ज्या मशीनवर आहे तिथंही त्याच नावाचं, त्याच पासवर्डचं खातं करावं लागतं. पासवर्ड बदलला तर दोन्हीकडं बदलायचा, नाहीतर सकाळी सकाळी फोन येतो, "डी ड्राइव्ह उघडत नाही." सहा मशीनला हे झेपतं. पंधरा-वीस झाली तर सर्व्हर घेऊन डोमेन करा, खाती एकाच जागी राहतात. साध्या विंडोजवरच्या शेअरला एका वेळी २० च जोडण्या चालतात हेही ध्यानात ठेवा.

शेअरवरून 'एव्हरीवन – फुल कंट्रोल', म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क, हे काढलं. तीन गट केले: हिशेब, सौदा आणि नुसते बघणारे. इथं बरेच जण फसतात. शेअरची परवानगी वेगळी आणि फोल्डरची, म्हणजे एनटीएफएसची, वेगळी. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतली जी कडक असेल ती लागते. मी शेअरला मोकळं ठेवून सगळी बंधनं फोल्डरवर घालतो, म्हणजे एकाच जागी बघायचं. विंडोज होम असेल तर 'लोकल युजर्स अँड ग्रुप्स' हा भाग दिसतच नाही, तिथं 'नेट युजर' कमांडनं खाती करता येतात, पण ऑफिसला प्रो घेतलेली बरी.

पट्टीवाला_तासगाव

दादा, बेदाण्याच्या सौद्याला आमच्याकडं एका कीबोर्डवर तिघं तुटून पडलेली असतात. दर वेळी लॉगआउट, परत लॉगिन, हे व्हायचं कसं? पट्टीला उशीर झाला तर शेतकरी बोंब मारतोय.

हळदगल्ली

बरोबर आहे, आणि याला जादूचा उपाय नाही. सौद्याच्या मशीनवर विंडोजचं खातं एकच ठेवलं तरी चालेल, पण मग पट्टी एक्सेलमध्ये नको. स्वतःचे युजर असलेलं सॉफ्टवेअर घ्या, प्रत्येकाला चार-सहा आकडी पिन, बसलेला माणूस बदलला की पिन बदलते, दोन सेकंदांचं काम. टॅलीची 'एडिट लॉग' आवृत्ती घेतली तर कुठला व्हाउचर कोणी कधी बदलला ते राहतं. कंपन्यांना हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असा माग ठेवणं १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचं आहे. आपली अडत दुकानं बहुतेक भागीदारीतली, त्यांना सक्ती नाही, पण सोय वापरायला काय हरकत? मात्र टॅलीतही 'सिक्युरिटी' चालू करून माणसागणिक युजर करा, नाहीतर तिथंही नुसता बदल दिसेल, माणूस नाही.

बाकीच्या मशीनवरून उठताना विंडोजचं बटण आणि एल. जेवायला जाताना, काट्यावर जाताना, प्रत्येक वेळी.

कुपवाड_शॉपफ्लोअर

चांगला धागा. आमचा अनुभव कडू आहे, पण लिहितो. एमआयडीसीत लहान वर्कशॉप. मालकांना घरून काम करता यावं म्हणून एकानं राउटरमधून रिमोट डेस्कटॉपचं (दुरून संगणक चालवायच्या सोयीचं) दार, म्हणजे ३३८९ पोर्ट, थेट इंटरनेटला उघडून दिलं होतं. खातं 'ॲडमिनिस्ट्रेटर', पासवर्ड सोपा. सोमवारी आलो तर सगळ्या फायलींची नावं बदललेली आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी. लॉगमध्ये ४६२५, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या ओळी, शनिवार रात्रीपासून मिनिटाला कित्येक. शेवटी एक ४६२४. त्याच्यापुढं काही बघायची गरजच नव्हती.

बॅकअप होता. पण ती डिस्क त्याच मशीनला कायम लावलेली, तीही गेली. सात महिन्यांची ड्रॉइंगं परत काढली.

आता: ते पोर्ट बंद, बाहेरून यायचं तर व्हीपीएननं, म्हणजे इंटरनेटवरच्या सुरक्षित खासगी वाटेनं. पाच वेळा पासवर्ड चुकला की खातं पंधरा मिनिटं बंद. बॅकअपच्या दोन डिस्क आलटून पालटून, एक कायम बाहेर. असं काही झालं तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणं अशी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची असते. आमच्या गावीही नव्हतं हे.

कृष्णाकाठची

बॅकअपचा विषय निघाला म्हणून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या तळमजल्यावरच्या ऑफिसात पाणी शिरलं. टेबलावरचा सीपीयू गेला आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात होती. दोन्ही एकाच चिखलातून काढली. आता एक डिस्क दर शनिवारी माझ्यासोबत घरी येते, तिसऱ्या मजल्यावर. हरिपूरच्या पेवांत हळद ठेवणाऱ्यांनीही २००५ च्या पुरात हेच सोसलं, सगळा माल एकाच जमिनीच्या पोटात.

आणि हळदगल्ली, त्या मुलीचं पुढं काय झालं?

वाई_ब्राह्मणशाही

सीए ऑफिसमधून एक भर. विंडोजचं खातं बंद केलं की आपण निर्धास्त होतो, पण माणूस सोडून जातो तेव्हा खरी भोकं दुसरीकडेच असतात. एका अशिलाच्या जीएसटी पोर्टलवर दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या अकाउंटंटचाच मोबाइल नोंदलेला होता. प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जायचा, आणि बिचारा दर वेळी फोन करून सांगायचा. तो सज्जन म्हणून निभावलं. ई-वे बिलालाही मालकाचा पासवर्ड सगळ्यांना देऊ नका. तिथे सब-युजर करता येतात, कुणाला काय काम ते ठरवता येतं, आणि माणूस गेला की तेवढा युजर गोठवता येतो. १ एप्रिल २०२५ पासून तिथे सगळ्यांनाच ओटीपीची दुहेरी तपासणी लागते, त्यामुळे सब-युजरला त्याचा स्वतःचा मोबाइल द्या. सगळ्यांना मालकाचा नंबर लावलात तर मालक लग्नाला गेले की गाडी काट्यावर उभी.

सोडून जाणाऱ्याचं खातं त्याच दिवशी डिसेबल करा, लगेच डिलीट करू नका. त्याचं डेस्कटॉपवरचं काम, मेल, त्याच्या नावावरच्या फायली, हे सगळं महिनाभरानं आठवतं. आणि वायफायचा पासवर्ड बदला.

पासवर्डबद्दल एक विचारायचं होतं. दर महिन्याला बदलायची सक्ती ठेवावी का?

हळदगल्ली

नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेनं २०१७ च्या मार्गदर्शिकेतच ठरावीक मुदतीनं बदलायची सक्ती नको म्हटलंय. फुटल्याचा संशय आला की मात्र लगेच बदला. सक्ती केली की माणसं जानेवारी१, फेब्रुवारी२ असं करतात. त्यापेक्षा लांबी वाढवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहायचे, लक्षात राहतात आणि ओळखायला अवघड. गाडीचा नंबर, मुलाचं नाव, कुलदैवत, हे सोडून.

आता मला अडलेल्या दोन गोष्टी, कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

पहिली: खाती वेगळी केल्यावर दुसऱ्याच दिवशी मराठी टायपिंगचं एक जुनं सॉफ्टवेअर उघडेना. ते स्वतःच्या प्रोग्रॅम फोल्डरमध्ये फाइल लिहायला बघतं आणि स्टँडर्ड खात्याला तिथं लिहायची मुभा नाही. तिथले सगळे म्हणाले, "परत ॲडमिन करा." केलं नाही. फक्त त्या एका फोल्डरला त्या गटापुरता 'मॉडिफाय' हक्क दिला, चाललं.

दुसरी: मोठ्या झेरॉक्स मशीनवरून स्कॅन शेअर फोल्डरमध्ये पडायचा, तो बंद झाला. मशीनमध्ये जुना 'ॲडमिन' नि त्याचा पासवर्ड भरलेला होता. त्यासाठी वेगळं 'स्कॅन' खातं केलं, त्याला एकाच फोल्डरचा हक्क, बाकी कुठं दार नाही. तरी चालेना, कारण मशीन इतकं जुनं की त्याला एसएमबीची (नेटवर्कवरून फायली शेअर करायच्या पद्धतीची) पहिली आवृत्तीच येते. दुरुस्तीला आलेला म्हणाला, "विंडोजमध्ये ती चालू करा, एक टिक आहे." ती टिक करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली अडवून पैसे मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच दारानं, आणि त्याच्या दुरुस्तीचा पॅच मार्चमध्येच आलेला होता, लोकांनी टाकला नव्हता. आम्ही स्कॅन पेन ड्राइव्हवर घेतो, दोन पावलं जास्त चालावं लागतं.

विंडोज १० चा नेहमीचा आधार (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा जी मशीनं ११ ला चालत नाहीत ती निदान इंटरनेटवरून तरी काढा.

माहुली_संगम

आज साहेबांशी बोलले. कलम वगैरे काही काढलं नाही. एवढंच म्हणाले, "उद्या तुमच्या नावानं मी चुकीचं काही मंजूर केलं तर तुम्ही अडकाल, म्हणून मला तुमचा पासवर्ड नको." साहेब थोडा वेळ गप्प बसले. मग स्वतः उठून कीबोर्ड उचलला आणि चिठ्ठी फाडली. पुढच्या रजेला उपशाखाधिकाऱ्यांना हक्क देणार आहेत.

निवृत्त_दिवाणजी

त्या प्रशासकाच्या खात्याचा पासवर्ड कोणाकडे असतो? तुमच्याकडेच असेल तर उद्या तुम्ही आजारी पडलात तर दुकान अडेल. आणि सगळी किल्ली बाहेरच्या माणसाकडे, हेही बरे नाही.

हळदगल्ली

अगदी मुद्द्याचं विचारलंत. पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात बंद, पाकिटाच्या जोडावर मालकांची आणि माझी सही, वर तारीख, आणि पाकीट तिजोरीत. मला काम असेल तेव्हा मालकांसमोर पाकीट उघडतो, काम झालं की पासवर्ड बदलून नवं पाकीट. लॉगमध्ये त्या खात्याच्या ज्या तारखा दिसतात त्या पाकिटांवरच्या तारखांशी जुळल्या पाहिजेत. माझंही अक्षर तिथं ओळखू यावं. मालकांना आधी स्वतःलाही प्रशासक राहायचं होतं. त्यांना म्हणालो, सगळ्यात जास्त मेल तुम्ही उघडता, तुमच्याच खात्याला कमी हक्क हवेत. तेही आता स्टँडर्डवर आहेत.

कृष्णाकाठची ताई, तुमचं उत्तर राहिलं होतं. ती मुलगी मिरजेला एका दवाखान्यात बिलिंगला आहे. मागच्या आठवड्यात तिला फोन केला. तेव्हाची मांडणी माझी होती, त्या मांडणीत कुणाचंच नाव निघू शकत नव्हतं, आणि तुझ्याविरुद्ध पुरावा नव्हता हे मालकांना मी आता लेखी दिलं आहे, असं सांगितलं. तो कागद व्हॉट्सॲपवर पाठव म्हणाली, वडिलांना दाखवायचा आहे. लगेच पाठवला.